बिऱ्हाड चाकांवर

मिशिगनमधल्या मराठी घरांत उन्हाळा जवळ आला की कॅम्पिंगवरून वाद सुरू होतात. मुलांना शाळेतल्या मित्रांनी तंबूच्या आणि शेकोटीच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. नवऱ्याला ऑफिसातल्या कुणीतरी तळ्याकाठचे फोटो दाखवलेले असतात. घरातली बाई मात्र ठाम सांगते, हॉटेल घ्या, नाहीतर तुमचे तुम्ही जा. तिच्या या नकाराला हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला कधीच पटली नाही. अशी नकार देणारी बाई मीही होते, आणि माझा नकार पुरता विचार करून दिलेला होता.

माझं लहानपण दापोडीला चाळीतल्या दोन खोल्यांत गेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बसच्या बॉडीवर काम करायचे. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. संडास चाळीच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून. पावसाळ्यात एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन रांगेत उभं राहावं लागायचं. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, पण त्यामागे चांदण्यांची हौस नव्हती, खोलीत उकडायचं म्हणून झोपायचो. त्या रांगेतून सुटायला माणूस शिकतो, नोकरी धरतो, देश बदलतो. त्यानं पैसे भरून पुन्हा सार्वजनिक न्हाणीघराशी टॉवेल खांद्यावर टाकून उभं राहायचं, यात मौज कशी वाटावी? शिवाय सहलीचं काम शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं हेही सगळ्यांना माहीत आहे. घरी ओटा असतो, नळ असतो, तरी बाई थकते. रानात ओटा नाही, नळ शंभर पावलांवर, आणि जेवणारी तोंडं तेवढीच.

म्हणून या देशातल्या जुन्या ट्रेलरांचा इतिहास वाचू लागले, तेव्हा मी पहिल्यांदा थांबले ती अशाच एका नकारापाशी. वॉली बायम हे नाव अमेरिकेत चंदेरी, गोलाईदार एअरस्ट्रीम ट्रेलरमुळे ओळखलं जातं. १८९६ साली ऑरेगनमध्ये जन्मलेला हा माणूस पुढे लॉस एंजेलिसला छपाई आणि मासिकांच्या धंद्यात होता. त्याला रानात भटकायची आवड, आणि त्याची बायको मेरियन स्वयंपाकघराशिवाय कॅम्पिंगला यायला तयार नव्हती. बायमनं आधी फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यावर तंबू उभारून पाहिला. तो उभा करायला कटकटीचा, आणि पाऊस आला की हाल. मग त्यानं थेंबाच्या आकाराची एक टणक खोली बांधली. तिच्यात झोपायची जागा, रॉकेलचा स्टोव्ह आणि बर्फाची पेटी होती. लोक वाटेत थांबवून तिची चौकशी करू लागले, आणि १९३१ मध्ये त्याची कंपनी सुरू झाली. मेरियन जर 'बरं, येते' म्हणून निमूटपणे जमिनीवर झोपली असती, तर ते सगळं झालंच असतं असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या डेट्रॉइटचीच. आर्थर शेरमन हा जंतुशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो बायकोमुलांना घेऊन सुटीवर निघाला, सोबत विकत घेतलेला घडीचा तंबू-ट्रेलर. काही मिनिटांत उभा राहतो अशी त्याची जाहिरात होती. प्रत्यक्षात पाऊस कोसळू लागला, तंबू काही केल्या नीट उभा राहीना आणि सगळं कुटुंब भिजून गेलं. शेरमननं परत येऊन स्वतःच पक्क्या भिंतींचा, छपराचा, चौकोनी ट्रेलर बांधून घेतला. मुलांनी त्याला जुन्या काळच्या वसाहतवाल्यांच्या छपरी गाडीवरून 'कव्हर्ड वॅगन' नाव दिलं. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात तो मांडला गेला. देशात महामंदी असतानाही मागणी येत राहिली. डेट्रॉइटजवळच्या माउंट क्लेमन्स गावात कारखाना निघाला आणि १९३० च्या दशकाच्या मध्याला कव्हर्ड वॅगन ही देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी झाली होती.

याच डेट्रॉइटचा हेन्री फोर्डही कॅम्पिंगचा शौकीन. थॉमस एडिसन, टायरवाला हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासोबतच्या त्याच्या रानातल्या सहली त्या काळी वर्तमानपत्रांत गाजल्या. पण त्यांच्यामागे स्वयंपाकाची वेगळी मोटार असायची, आचारी असायचे, तंबूत विजेचे दिवे असायचे. ज्याच्या जेवणाची काळजी दुसरं कुणी घेतं त्याला रान गोड लागणारच. सामान्य घरातल्या माणसाला आचारी परवडत नाही, त्याच्या सोयीचा विचार मेरियनच्या नकारातून आणि शेरमनचं कुटुंब भिजलं त्यातून झाला. फोर्डचं एक देणं मात्र आमच्या उपयोगी पडतं. मिशिगनच्या उत्तर भागात त्याच्या लाकूड गिरण्या होत्या. तिथल्या टाकाऊ लाकडापासून त्यानं कोळशाच्या वड्या पाडायचा कारखाना काढला. तोच पुढे किंग्सफर्ड कोळसा झाला. आम्ही त्यावर भरताचं वांगं भाजतो.

आमच्या घरची गोष्ट अशी. आधी नवरा आणि मुलं माझ्याशिवाय गेली. मग मुलांच्या आग्रहाखातर मीही गेले, लडिंग्टन स्टेट पार्कला. जागा देखणी आहे, यात शंका नाही. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूला हॅम्लिन तळं, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि पाइनचं रान. उत्तरेला बिग सेबल पॉइंटचं १८६७ सालचं काळंपांढरं दीपगृह. पण रात्री हवा भरलेली गादी हळूहळू बसत गेली. पहाटे पाठ जमिनीला टेकली आणि तंबूच्या कापडातून दंव ठिबकू लागलं. सकाळी मी वाकून एका बर्नरवर पोहे परतत होते आणि बाकी सगळे तळ्यावर होते. परतीच्या वाटेवर मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "तुला नेमकं काय नको आहे ते सांगशील? मी लिहून घेतो." हा प्रश्न त्यानं मनापासून विचारला होता, म्हणून मीही मनापासून सांगितलं. जमिनीवर झोपणार नाही. उभ्यानं रांधता येईल असा ओटा हवा. रात्री अंधारातून चालत संडासला जाणार नाही. आणि एकटीनं रांधणार नाही, भांडी तर मुळीच घासणार नाही. त्यानं ते कागदावर उतरवलं आणि फ्रिजवर लावलं. पहिल्या तीन अटींना उत्तर म्हणजे ट्रेलर, हे उघड होतं. नव्या ट्रेलरच्या किमती ऐकून आम्ही गप्प झालो. तेव्हा त्याच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की त्याच्या गावाकडे एका शेतकऱ्याच्या कोठारात १९६० च्या दशकातला एक सोळा फुटी ट्रेलर पडून आहे. कोठार मोकळं करून हवं, म्हणून तो स्वस्तात देतोय.

या घडणीच्या ट्रेलरांना इथे कॅन्ड हॅम म्हणतात, कारण बाजूनं पाहिलं की मांसाचा तो गोलसर चपटा डबा दिसतो. शास्ता नावाचे ट्रेलर यांतले सगळ्यात ओळखीचे, मागच्या बाजूला पत्र्याचे छोटे पंख असलेले. आत शिरलं की समोर जेवायचं टेबल. ते खाली पाडून दोन बाकांमध्ये बसवलं की पलंग होतो. मधोमध ओटा, तीन बर्नरची गॅसची शेगडी, लहानसं सिंक, त्याखाली फडताळ. सगळीकडे बर्च लाकडाचं मधाच्या रंगाचं प्लायवूड. या सगळ्याचं वजन दोन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे मोठा ट्रक लागत नाही. आमच्या ट्रेलरमध्ये संडास नव्हता, पण बाकाखाली मावेल असा पेटीवजा संडास बाजारात मिळतो. तेवढ्यावर माझी तिसरी अट पुरी झाली. आत उंदरांचा वास होता, पडदे विरले होते, आणि खिडकीखालचं प्लायवूड काळं पडलं होतं. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. डोकं छताला लागत नव्हतं आणि समोर खिडकी होती. मी 'हो' म्हटलं ते त्या खिडकीसाठी.

त्या वर्षी आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. निवृत्त माणसाला अमेरिकेत दिवस खायला उठतो. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्याजोगं काही नसतं, आणि लेक-जावई दिवसभर कामावर. अण्णा खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांचं गवत कापणं पाहत असत. दारात ट्रेलर आला त्या सकाळी ते चप्पल घालून खाली उतरले, एकदा भोवती फिरले, आत गेले आणि काळ्या पडलेल्या कोपऱ्यात अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला.

"वरचं छप्पर चांगलं आहे," ते म्हणाले. "पाणी छपरातून येत नाही, सांध्यातून येतं. हे पट्ट्या काढल्याशिवाय कळायचं नाही."

त्यानंतरचे आठवडे मी त्यांच्या हाताखाली काम करून जे शिकले ते शाळा-कॉलेजात शिकले नव्हते. या ट्रेलरांचा सांगाडा पाइनच्या बारीक पट्ट्यांचा असतो. आतून प्लायवूड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. जिथे बाजूची भिंत आणि छप्पर भेटतात तिथे दोन्हीवर एक वळवलेली ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवतात आणि तिच्याखाली लांबी भरतात. चाळीस-पन्नास वर्षांत ती लांबी वाळते, भेगाळते, आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी आत झिरपू लागतं. पत्रा वरून लखलखीत राहतो, आत लाकूड कुजत जातं. अण्णांनी पट्ट्या काढल्या, खालची वाळकी लांबी खरवडली आणि पत्रा चादरीसारखा मागे घेतला. आतल्या खालच्या कोपऱ्याचं लाकूड हातात आलं ते भुकटी होऊन.

त्यांनी काही फेकू दिलं नाही. कुजलेला प्रत्येक तुकडा आधी कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून घेतला, मुलीकडून त्यावर नंबर घालून घेतले, मुलाला फोटो काढायला लावले. नवी पट्टी कापताना ते जुन्या मापावर थांबायचे नाहीत, दोन सूत जास्त ठेवायचे आणि रंध्यानं आणायचे. त्यांच्या हातातला तो रंधा शेजारच्या गॅरेज सेलमधला होता. पाती त्यांनी दगडावर लावून घेतली आणि हाताच्या केसांवर फिरवून पाहिली. माझ्या मुलाला आजोबांचं मराठी नीट कळत नाही, आजोबांना त्याचं इंग्रजी कळत नाही. पण 'धर', 'सोड', 'हलकं', 'अजून' एवढ्या शब्दांत त्या दोघांनी मागची सगळी भिंत उभी केली. लांबीऐवजी आता ब्युटाइल टेप मिळते. ती लवचिक राहते, म्हणून तिचा अण्णांना फार आनंद झाला. जुन्या रंगाच्या बाबतीत मात्र मी मुलांना दूर ठेवलं. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा रंग खरवडायचा तर आधी तपासून, तोंडाला मास्क लावून आणि ओल्या पॉलिश पेपरनं.

शेवटी गळतीची परीक्षा. कार्यशाळेत नवी बस पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करतात, आत माणूस बसतो आणि कुठे थेंब येतो ते पाहतो, असं अण्णा सांगायचे. तसंच इथे केलं. नवऱ्यानं बागेच्या नळीनं छप्पर धुऊन काढलं, अण्णा आत टॉर्च घेऊन बसले. बराच वेळ पाणी सोडल्यावर दार उघडलं आणि ते फक्त "कोरडी," असं म्हणाले. स्त्रीलिंगी. त्यांच्या लेखी ती तोवर एक गाडी झाली होती.

त्यांचा हा उत्साह पाहून आम्ही त्यांना ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला घेऊन गेलो. एवढ्याशा गावात १९५२ पासून एअरस्ट्रीमचा कारखाना आहे आणि तो लोकांना हिंडून पाहता येतो. बायमच्या चंदेरी ट्रेलरची वंशावळ विमानांकडे जाते. लिंडबर्गनं ज्या विमानातून एकट्यानं अटलांटिक ओलांडला त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा हॉली बोलस यानं १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा 'रोड चीफ' ट्रेलर काढला होता. त्याचं दार पुढे, गाडीला जोडणाऱ्या दांडीवर होतं. बायमनं ते बाजूला आणलं आणि १९३६ मध्ये १२०० डॉलरला 'क्लिपर' विकायला काढला. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा ॲल्युमिनियम विमानांना लागू लागलं आणि हे काम थांबलं. त्याच काळात आमच्या मिशिगनमधल्या विलो रन बॉम्बर कारखान्यातले हजारो कामगार ट्रेलरमध्येच संसार करत होते. जो ट्रेलर सुटीसाठी निघाला होता तो त्यांचं घर झाला. युद्धानंतर बायम ट्रेलरांचे ताफे घेऊन जगभर हिंडला. १९५९ मध्ये निघालेला केपटाउन ते कैरो हा त्याचा ४१ ट्रेलरांचा ताफा इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगणापर्यंत पोचला. १९६९ मध्ये चंद्रमोहिमेवरून आलेल्या तिघा अंतराळवीरांना वेगळं ठेवायला नासानं जी खोली वापरली तीही बदल केलेला एअरस्ट्रीमच होता.

अण्णांना या इतिहासात तितका रस नव्हता. ते रिवेट मारणाऱ्या दोघांपाशी खिळून राहिले. एकजण बाहेरून बंदूक धरतो, दुसरा आतून जड लोखंड टेकवून उभा असतो. दोघांमध्ये पत्रा, म्हणजे एकमेकांचं तोंड दिसत नाही. बाहेरच्यानं चाप दाबला की आतल्याच्या लोखंडावर रिवेटचं दुसरं टोक चेपतं. आवाजावरून कळतं ते नीट बसलं की नाही. "आमच्याकडे आतल्या लोखंडाला डॉली म्हणायचे," अण्णा म्हणाले. "माझा जोडीदार तीस वर्षं बाहेर होता, मी आत." माझ्या वडिलांनी आयुष्यभर काय काम केलं ते मी चाळिशीत, ओहायोत, पहिल्यांदा नीट पाहिलं. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली हे आपण अभिमानानं सांगतो. त्या लाल डब्यांच्या आत डॉली धरून कोण उभं होतं हेही लिहून ठेवायला हवं.

जुन्या ट्रेलरांची जी मंडळी आज अमेरिकेत एकत्र येतात त्यांतली सगळ्यात जुनी संस्था टिन कॅन टुरिस्ट्स. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात डिसोटो पार्कला ती सुरू झाली. पत्र्याच्या डब्यातलं अन्न खात, मोटारीला बिऱ्हाड बांधून हिवाळ्यात दक्षिणेला जाणारे ते लोक. सभासद ओळखू यावा म्हणून रेडिएटरच्या झाकणावर सूपचा रिकामा डबा लावत. मधल्या काळात ती संस्था विझली, आणि १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि जेरी बोन या मिशिगनच्या जोडप्यानं तिला जुन्या ट्रेलरप्रेमींची संस्था म्हणून पुन्हा उभं केलं. मिलफर्डजवळच्या कॅम्प डिअरबॉर्नमध्ये गेली अनेक वर्षं मे महिन्यात त्यांचा मेळावा भरतो. ही जागा आमच्या घरापासून तासाभरावर. एका दिवशी बाहेरच्या लोकांनाही ट्रेलर आतून पाहू देतात.

तिथे हिंडताना मला सगळ्यात जास्त भेटल्या त्या साठी-सत्तरीच्या बायका. एकीनं आईचे जुने टेबलक्लॉथ कापून पडदे शिवले होते. एकीनं शेगडीचं मूळ निकेल इतकं घासलं होतं की त्यात माझा चेहरा दिसत होता. बायकांनीच काढलेली सिस्टर्स ऑन द फ्लाय नावाचीही एक संस्था आहे. १९९९ मध्ये दोन बहिणींनी मासेमारीच्या हौसेतून ती सुरू केली. आज त्यातल्या हजारो जणी जुने ट्रेलर स्वतः ओढत नेतात, नवरे घरी ठेवून. ओहायोतून आलेल्या एका आजीबाईंनी, त्या पूर्वी शाळेची बस चालवायच्या, मला विचारलं, "तुमच्यात गाडी कोण ओढतं?" नवरा, असं मी सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मला त्यांनी स्वतःच्या ट्रकमध्ये बसवलं. ट्रेलर मागे घेताना सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. त्यांनी माझा हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला आणि सांगितलं, "आता ट्रेलरचा मागचा भाग जिकडे न्यायचा तिकडे हात ने. घाई करू नकोस. चुकलं तर पुढे घे, पुन्हा ये. पुढे घ्यायला लाजायचं नाही." त्या दिवसापासून आमचा ट्रेलर जागेवर मी लावते. माझा नकार खऱ्या अर्थानं संपला तो इथे, कारण तोवर मी कुणाच्या तरी हौसेबरोबर ओढली जात होते.

या मेळाव्यांत जुन्या अमेरिकेची आठवण फार गोड करून काढली जाते. गुलाबी-निळे ट्रेलर, पन्नाशीच्या दशकातली गाणी, फुलाफुलांचे झगे. मला ते दिसायला आवडतं, पण त्या काळात आमच्या रंगाच्या माणसाला त्या रानात कितपत जागा होती हे विसरून चालणार नाही. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये लुइस माउंटन नावाची कॅम्पची जागा काळ्या लोकांसाठी वेगळी काढली होती, पाटी लावून. ही वेगळेपणाची प्रथा तिथून पुरती जायला १९५० उजाडलं. कुठल्या गावात रात्री थांबणं सुरक्षित आहे हे कळावं म्हणून १९३६ पासून ग्रीन बुक नावाची पुस्तिका काळ्या प्रवाशांना जवळ बाळगावी लागे. कॅम्पिंगला न जाण्यामागे प्रत्येक वेळी आळस नसतो. अनेक घरांत 'आपल्यासाठी नाही' ही समज पिढीजात आलेली असते, आणि ती कुणीतरी शिकवलेली असते. जुना ट्रेलर ओढत आमच्यासारखं कुटुंब तिथे गेलं की लोक आपणहून बोलायला येतात. त्या बोलण्याचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं.

आता आमची कॅम्पवरची रीत ठरून गेली आहे. निघण्याआधी वजनाची मांडणी. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या दांडीवर यायला हवा. मागे जड झाला तर महामार्गावर डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागला की आवरणं कठीण. १९५४ च्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या चित्रपटात ल्युसिल बॉल प्रवासभर दगड गोळा करून ट्रेलरमध्ये लपवते आणि घाटात संकट ओढवतं. आमच्या मुलांनाही दगडांचंच वेड आहे. मिशिगन सरोवराच्या काठी पेटोस्की दगड सापडतात, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचे अवशेष. कोरडा असताना साधा राखाडी, पाण्यात बुडवला की षट्कोनी नक्षी उमटते. राज्याच्या जमिनीवरून माणशी वर्षाला २५ पौंडांपर्यंत नेता येतात, स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या राष्ट्रीय किनाऱ्यावरून मात्र एकही नाही. मुलांची पिशवी मी पुढच्या बाकाखाली ठेवते.

जागेवर पोचलो की चाकांना उटी लावायची, पाणसळ ठेवून ट्रेलर सपाट करायचा, वीज जोडायची. हे मुलं आणि मी करतो. स्वयंपाक नवरा करतो, आणि तो दाराबाहेर, मोठ्या शेगडीवर. फोडणीचा वास रानात लांब जातो, कॅलिफोर्नियात योसेमिटीला तर अस्वलांमुळे सगळं खाणं लोखंडी कपाटात ठेवावं लागतं. इथे त्रास रॅकूनचा. त्याला माणसासारखी बोटं असतात. एका रात्री टेबलावर राहिलेला चकलीचा फिरकीचा डबा त्यानं उघडला आणि आमच्या डोळ्यांदेखत, दोन्ही हातांत धरून, एकेक चकली मोडून खाल्ली. आई ट्रेलरच्या खिडकीतून पाहत होती. "खाऊ दे, तळणं जमलंय म्हणायचं," असं म्हणून तिनं मुलांना दगड मारू दिला नाही.

आईचा विषय निघाला म्हणून सांगते. मी ज्या सार्वजनिक न्हाणीघराला घाबरत होते तिथे ती पहिल्याच सकाळी साबण-टॉवेल घेऊन सगळ्यांच्या आधी गेली आणि येताना दोन बायकांशी ओळख करून आली. "गरम पाणी अखंड येतंय, दाराला कडी आहे. अगं, आपल्या चाळीत हे असतं तर मी कुठे कुरकुर केली असती?" ती म्हणाली. चाळीतला त्रास रांगेचा नव्हता, पाणी नसण्याचा होता. हे तिला इतकं सहज कळलं होतं.

रात्री दहानंतर कॅम्पवर शांतता पाळावी लागते, आणि लोक पाळतात. मुलं त्या वेळेपर्यंत झोपलेली असतात. आई-अण्णा आलेले असले की पाडलेल्या टेबलाच्या पलंगावर आई आणि नात, मागच्या बाकावर आम्ही, मुलगा जाणूनबुजून बाहेर तंबूत, सोबतीला अण्णा. सोळा फुटांत तीन पिढ्यांचे श्वास ऐकू येतात. आमच्या मोठ्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली आहे, तिथे मुलं आजीला रात्री गोष्ट मागत नाहीत.

ज्या मराठी घरांत हा वाद अजून चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे. बाईचा नकार आधी नीट ऐका आणि कागदावर लिहून घ्या. ट्रेलर लगेच विकत घेऊ नका, भाड्यानं घेऊन पाहा. जुना घेणार असाल तर रंग आणि पडदे पाहू नका, कोपऱ्यांत अंगठा दाबा. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. ॲश झाडांना मारणारा हिरवा भुंगेरा अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला आणि लाकडांच्या मोळ्यांतून दूरदूर पसरत त्यानं कोट्यवधी झाडं मारली. आईवडील आलेले असतील तर त्यांना घरी ठेवून जाऊ नका. आणि तारीख लवकर ठरवा, कारण मिशिगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. जुलै हवा असेल तर जानेवारीतच संगणकापुढे बसावं लागतं.